पडद्याकडे पाहणारी बंदूक

व्हिडिओ गेमला घरोघरी ‘टीव्ही गेम’ म्हणायचे तो १९९०च्या दशकाचा काळ. त्या खोक्यात खेळायचे दोन हँडल, एक-दोन कॅसेट आणि बऱ्याचदा एक प्लास्टिकची बंदूक असायची. बदकं उडायची, चाप ओढला की पडदा लख्ख चमकायचा आणि नेम बरोबर असेल तर बदक खाली यायचं. त्या काळची मुलं आज चाळिशीच्या आसपास आहेत. त्यांच्यापैकी कुणी हौसेने ती जुनी बंदूक माळ्यावरून काढून आजच्या सपाट टीव्हीसमोर धरली, तर एकही बदक पडत नाही. बंदूक बिघडलेली नसते. ती ज्या गोष्टीवर नेम ओळखायची, ती गोष्टच नव्या पडद्यात उरलेली नाही.

आर्केडमध्ये, म्हणजे पैसे टाकून खेळायच्या गेमच्या दालनात, असते तशी बंदूक घरच्या कॉम्प्युटरसाठी स्वतः बनवायची असेल, तर आधी हे नीट समजून घ्यावं लागतं. ज्यांना ते समजतं त्यांना पुढचं सगळं काम सोपं जातं, आणि मला तर या विषयातला सर्वांत सुंदर भागही हाच वाटतो.

प्रकाशावर चालणाऱ्या बंदुकीचा खेळ टीव्हीपेक्षा जुना आहे. अमेरिकेतल्या सीबर्ग कंपनीने १९३६ साली ‘रे-ओ-लाइट’ नावाचं यंत्र आणलं. त्यात बंदूक प्रकाशाचा झोत सोडायची आणि फिरत्या बदकात बसवलेली प्रकाशसंवेदी नळी तो झोत ओळखायची. म्हणजे प्रकाश बंदुकीतून निघून लक्ष्याकडे जायचा. १९७० साली जपानच्या निन्टेंडोने खेळण्यांच्या दुकानांसाठी जी बंदूक काढली तीही याच दिशेने चाले. फरक इतकाच की लक्ष्यात नळीऐवजी शार्प कंपनीचा सौरघट होता. ते सौरघट विकण्याच्या निमित्ताने निन्टेंडोच्या संपर्कात आलेले इंजिनिअर मासायुकी उएमुरा पुढे निन्टेंडोतच गेले आणि त्यांनी फॅमिकॉम हे घरगुती गेमयंत्र घडवलं. आपल्याकडचे बहुतेक ‘टीव्ही गेम’ या फॅमिकॉमच्याच नकला होत्या.

लक्ष्य टीव्हीच्या काचेवर आलं तेव्हा प्रकाशाची दिशा उलटली. काचेवरच्या बदकात सौरघट बसवता येत नाही. मग प्रकाश पडद्याने सोडायचा आणि बंदुकीने तो पाहायचा, असं ठरलं. १९७२च्या मॅग्नावॉक्स ओडिसी या पहिल्या घरगुती गेमयंत्राची रायफल अशीच होती, पण तिला पडदा आणि दिव्याचा बल्ब यांतला फरक कळत नसे. बल्बवर नेम धरला तरी ‘लागलं’ म्हणून नोंद व्हायची. १९८४-८५च्या ‘डक हंट’ खेळात ही पळवाट फार हुशारीने बुजवलेली आहे. चाप ओढला की एका चित्रचौकटीपुरता सगळा पडदा काळा होतो. पुढच्या चौकटीत फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतल्या फोटोडायोडला आधी काळोख आणि लगेच उजेड दिसला तरच बदक पडलं असं मानायचं. बल्बकडे नेम धरला तर काळोख दिसत नाही, म्हणून तो बाद. दोन बदकं असतील तर त्यांचे चौकोन एकामागून एक वेगवेगळ्या चौकटीत उमटतात. कुठल्या चौकटीत उजेड दिसला त्यावरून कुठलं बदक पडलं ते ठरतं. सेकंदाला साठ चौकटींच्या वेगाने हे सारं इतक्या झटपट उरकतं की डोळ्याला फक्त एक लखलखाट जाणवतो. लक्षात घ्या, या बंदुकीला आपण पडद्यावर नेमकं कुठे रोखलेलो आहोत हे कळतच नाही. तिला फक्त हो किंवा नाही एवढंच सांगता येतं.

नेमकी जागा सांगणारी बंदूक त्याच डब्बा टीव्हीच्या आणखी एका गुणावर चालायची. जुन्या टीव्हीच्या काचेवर चित्र एकदम उमटत नसे. मागच्या नळीतून येणारा इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढायचा, मग खालची रेघ, मग तिच्या खालची. आपल्याकडे दूरदर्शनने वापरलेल्या पाल पद्धतीत एका रेघेला ६४ मायक्रोसेकंद लागत आणि सेकंदाला पन्नास वेळा झोत वरून खाली यायचा. बंदुकीसमोरचा ठिपका नेमका कधी उजळला हे मोजलं की जागा कळलीच. समजा झोत वरून निघाल्यापासून ९६३२ मायक्रोसेकंदांनी बंदुकीला उजेड दिसला. याचा अर्थ दीडशे रेघा पूर्ण होऊन एकशे एक्कावन्नावी निम्मी ओढून झाली होती. १९९७ साली प्लेस्टेशनवरच्या ‘टाइम क्रायसिस’ सोबत आलेली नाम्कोची गनकॉन बंदूक हेच करायची. म्हणूनच तिची एक वायर टीव्हीला जाणाऱ्या पिवळ्या व्हिडिओ पिनेत अडकवावी लागे; झोत वरून कधी निघाला हे तिला त्या सिग्नलमधून कळे. घड्याळ पाहून जागा सांगणारं हे तंत्र माझ्या मते गेमच्या इतिहासातल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक आहे.

सपाट पडद्यात तो झोत नाही. नेहमीच्या एलसीडी पडद्यात मागचा दिवा सतत पेटलेला असतो आणि पुढचे द्रवस्फटिक फक्त तो कमी-जास्त अडवतात. शिवाय आलेलं चित्र दाखवण्याआधी टीव्ही त्यावर बरंच काम करतो, त्यात काही मिलिसेकंदांपासून कित्येक मिलिसेकंदांपर्यंत उशीर होतो आणि हा उशीर प्रत्येक टीव्हीत वेगळा. मग ‘डक हंट’चा पांढरा चौकोन ठरल्या चौकटीत दिसत नाही, आणि मायक्रोसेकंदांचा हिशेब तरी कशाच्या आधारावर मांडायचा? त्यामुळे आजच्या घरगुती बंदुकीला पडद्याच्या चित्राशी काही देणंघेणं ठेवता येत नाही. तिला पडद्याच्या कडा दिसल्या पाहिजेत, बस्स.

हा मार्ग सर्वसामान्यांच्या घरात पोचवला तो २००६च्या निन्टेंडो वी या गेमयंत्राने. वीच्या रिमोटच्या टोकाला पिक्सआर्ट कंपनीचा छोटा इन्फ्रारेड कॅमेरा होता आणि टीव्हीवर ठेवायच्या पट्टीच्या दोन टोकांना इन्फ्रारेड एलईडी. ‘सेन्सर बार’ असं त्या पट्टीचं नाव असलं तरी तिच्यात सेन्सर अजिबात नव्हता, नुसते दिवे होते. पाहण्याचं काम रिमोट करायचा. या कॅमेऱ्याचं वैशिष्ट्य असं की तो चित्र पाठवतच नाही. समोरचे सर्वांत तेजस्वी चार ठिपके तो स्वतःच शोधतो आणि फक्त त्यांचे क्ष आणि य निर्देशांक सांगतो, आडवे ० ते १०२३ आणि उभे ० ते ७६७ या मापात. चित्रातून ठिपके शोधण्याचं जड काम चिपनेच केल्यामुळे पुढचा हिशेब अगदी साध्या मायक्रोकंट्रोलरलाही (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या चिपलाही) जमतो. हाच कॅमेरा आता डीएफरोबोट कंपनीच्या छोट्या बोर्डावर सुटा मिळतो. त्याला चारच वायरी जोडाव्या लागतात: वीज, जमीन (ग्राउंड) आणि आय-टू-सी या संपर्कपद्धतीच्या दोन. बहुतेक हौशी बंदुकांच्या पोटात तोच असतो, आणि संपूर्ण बंदुकीतला सर्वांत महाग भागही तोच.

वीला दोन ठिपके पुरले. बंदुकीला पुरत नाहीत, आणि का ते पाहण्यासारखं आहे. दोन ठिपक्यांमधलं अंतर पाहून खेळणारा किती लांब आहे हे कळतं. त्यांना जोडणारी रेघ किती कललेली आहे यावरून रिमोट किती तिरपा धरलाय हे कळतं. पण खेळणारा पडद्यासमोर मधोमध आहे की डावीकडे सरकून तिरका पाहतोय, हे दोन ठिपक्यांवरून ओळखता येत नाही. वीवर हे चालून जायचं, कारण तिथे पडद्यावर बाणासारखी खूण दिसायची आणि हात आपोआप तिच्यामागे सरकायचा. बंदुकीत तशी खूण नको असते. नळीच्या रेषेत जे दिसतं तिथेच गोळी लागली पाहिजे, नाहीतर बंदूक कशाला?

म्हणून पडद्याभोवती चार ठिपके लावायचे. समोरून पाहिलं तर चार कोपऱ्यांतल्या दिव्यांचा आयत दिसतो. डावीकडे सरकून पाहिलं की जवळची डावी बाजू मोठी आणि लांबची उजवी बाजू लहान दिसते, म्हणजे आयताचा समलंब चौकोन होतो. खाली बसून पाहिलं की तो दुसऱ्या तऱ्हेने वाकडा होतो. गंमत अशी की हा वाकडेपणाच सगळी माहिती देतो. दिसणारा वाकडा चौकोन मूळ आयतात बदलणाऱ्या समीकरणात आठ अज्ञात संख्या असतात. चार ठिपक्यांचे प्रत्येकी दोन निर्देशांक म्हणजे आठ समीकरणं मिळतात. आठ अज्ञात, आठ समीकरणं, उत्तर एकच. ते उत्तर हाताशी आलं की कॅमेऱ्याचा मध्यबिंदू, म्हणजे बंदूक जिकडे रोखलेली आहे तो बिंदू, त्यात घालायचा. पडद्यावरची जागा बाहेर येते. खेळणारा उभा असो, बसलेला असो, कोपऱ्यात सरकलेला असो, फरक पडत नाही. दहावीच्या निर्देशक भूमितीचा आणि अकरावी-बारावीच्या मॅट्रिक्सचा इतका रोकडा उपयोग मी दुसरीकडे क्वचित पाहिलाय.

अगदी समोरून पाहिल्याचं सोपं उदाहरण घेऊ. डावे दिवे कॅमेऱ्याला ३०० वर दिसतात, उजवे ८०० वर, आणि कॅमेऱ्याचा मध्य आहे ५१२. मग ५१२ वजा ३०० म्हणजे २१२, भागिले ५००, उत्तर ०.४२४. नेम पडद्याच्या डाव्या कडेपासून सुमारे ४२ टक्क्यांवर आहे. तिरक्या कोनातून हिशेब लांबतो, पण तत्त्व हेच राहतं.

आता एक असा मुद्दा, ज्यावर कितीतरी बंदुका अडतात: अंतर. डीएफरोबोटच्या कॅमेऱ्याची नजर आडवी ३३ अंश आणि उभी २३ अंश आहे, म्हणजे बरीच अरुंद. चारही दिवे कायम दिसायला हवेत. नेम पडद्याच्या अगदी डाव्या टोकावर असताना उजवे दिवे पडद्याच्या पूर्ण रुंदीइतके दूर असतात, आणि ते नजरेच्या अर्ध्या भागात, साडेसोळा अंशांत, मावायला हवेत. ३२ इंची टीव्हीची रुंदी सुमारे ७१ सेंटिमीटर. तिला साडेसोळा अंशांच्या टॅन्जंटने, म्हणजे ०.२९६ने भागलं की २४० सेंटिमीटर येतात. दिवाणखान्यात हे अंतर सहज मिळतं. टेबलावरच्या २४ इंची मॉनिटरला हाच हिशेब सुमारे १८० सेंटिमीटर सांगतो, आणि आपण त्याच्यापुढे हातभर अंतरावर बसतो. म्हणून टेबलाशी बसून खेळायचं असेल तर कॅमेऱ्याला रुंद नजरेचं भिंग लावावं लागतं, किंवा खुर्ची मागे न्यावी लागते. सामान विकत घेण्याआधी टेप घेऊन खोली मोजा.

अचूकपणाचं काय? १०२४ पायऱ्या ३३ अंशांत वाटल्या तर २४० सेंटिमीटरवरून एक पायरी पडद्यावर सव्वा ते दीड मिलिमीटरची होते. फुल एचडी पडद्यावर हे साडेतीन-चार पिक्सेल भरतात. आपला हात त्याहून जास्त थरथरतो, त्यामुळे एवढी बारकाई पुरेशी आहे.

दिव्यांचं काम स्वस्त आणि सोपं आहे. इन्फ्रारेड एलईडीवर साधारण १.३ व्होल्ट पडतात. असे तीन ओळीने जोडले की ३.९ व्होल्ट झाले. यूएसबीचे पाच व्होल्ट दिले तर १.१ व्होल्ट उरतात. वीस मिलिअँपिअरसाठी ५५ ओहम लागतात, बाजारात ५६चा रेझिस्टर मिळतो. अशा तीन-तीन एलईडींचे चार गट मिळून फक्त ८० मिलिअँपिअर घेतात. टीव्हीच्या मागच्या यूएसबी पोर्टमधून ते आरामात मिळतात, आणि टीव्ही बंद केला की बहुतेक टीव्हींवर दिवेही बंद होतात. एलईडी रुंद कोनाचे घ्या. अरुंद कोनाचे असतील तर बाजूला सरकताच ठिपका मंद होतो. दिवे पेटलेत की नाही हे डोळ्याला दिसत नाही, पण मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बहुधा जांभळट दिसतात.

इन्फ्रारेड फक्त आपल्याच दिव्यांतून येतो असं मात्र नाही. खिडकीतलं ऊन, जुना पिवळा बल्ब आणि कुठलीही ज्योत यांतही तो भरपूर असतो. वीच्या पट्टीऐवजी दोन मेणबत्त्या ठेवून लोक खेळले आहेत. टीव्हीजवळच देवघर असेल आणि संध्याकाळी समई लावलेली असेल, तर कॅमेरा तिचाच एक ठिपका धरून चारांपैकी एका दिव्याला वगळू शकतो. नेम अचानक वेडावाकडा उडू लागला तर प्रोग्राम तपासण्याआधी खोलीत कुठे ज्योत किंवा उन्हाचा कवडसा आहे का ते पाहावं.

कॅमेऱ्याने दिलेले आकडे कॉम्प्युटरपर्यंत नेण्यासाठी मायक्रोकंट्रोलर लागतो, आणि इथे बोर्डाची निवड महत्त्वाची आहे. महाविद्यालयांतल्या प्रकल्पांत सर्रास दिसणारा आर्डुइनो उनो आर-३ इथे सोयीचा नाही. त्याच्या मुख्य चिपला यूएसबीचं ज्ञान नसतं. ते काम शेजारची दुसरी चिप करते, म्हणून कॉम्प्युटर त्याला माउस मानत नाही. एटीमेगा ३२यू४ ही चिप असलेले लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो हे बोर्ड स्वतःच यूएसबी माउस होऊ शकतात. २०२१मध्ये आलेला रास्पबेरी पाय पिकोही हे करतो, आणि तो वेगवानही आहे. पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, एवढं ध्यानात ठेवायचं.

माउस झाला तरी तो कुठल्या जातीचा, हा प्रश्न उरतोच. नेहमीचा माउस कॉम्प्युटरला ‘इतका उजवीकडे सरकलो’ असं सांगतो. बंदुकीला ‘मी इथे आहे’ असं सांगायचं असतं. यूएसबीच्या नियमांत अशा निरपेक्ष जागा सांगणाऱ्या उपकरणाची सोय आहे. त्यात पडद्याची रुंदी आणि उंची बहुधा ० ते ३२७६७ अशा आकड्यांत मांडतात. आपल्या मघाच्या उदाहरणातला ०.४२४ म्हणजे १३,८९३. आर्डुइनोच्या मूळ माउस लायब्ररीत ही सोय नाही, त्यासाठी वेगळी लायब्ररी घ्यावी लागते. तयार प्रणालीही आहेत: गन-फोर-आयआर आणि ओपनफायर या दोन्ही चार इन्फ्रारेड ठिपक्यांवर चालतात, आणि ओपनफायरचा प्रोग्राम सर्वांना खुला आहे. ब्रिटनच्या अँडी सिंडन यांची बंदूक वेगळ्या वाटेने जाते. ती चित्राभोवती पांढरी चौकट उमटवते आणि साध्या कॅमेऱ्याने ती चौकट शोधते; दिवे लावायला लागत नाहीत, पण चित्रातून चौकट शोधण्याचा भार कॉम्प्युटरवर पडतो.

चापासाठी पट्टीवाला मायक्रोस्विच घ्यावा, आर्केडच्या बटणांखाली असतो तसा. त्याची ‘टक्’ बोटाला कळते आणि तो लाखो वेळा दाबला तरी टिकतो. त्याचं सामाईक टोक जमिनीला आणि ‘एनओ’ (नॉर्मली ओपन) टोक बोर्डाच्या पिनेला जोडलं की झालं. स्विचचे पत्रे दाबताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि एका दाबाच्या दोन-तीन गोळ्या सुटतात. प्रोग्राममध्ये दहा-एक मिलिसेकंद थांबून दुसरी नोंद घेतली की हा त्रास जातो.

सांगाड्यासाठी लोक थ्रीडी प्रिंटरकडे धावतात. माझा कौल रंगपंचमीच्या वेळी मिळणाऱ्या पिस्तुलाच्या आकाराच्या पिचकारीला आहे. ती आतून पोकळ असते, स्वस्त असते, आणि मुख्य म्हणजे भडक रंगाची असते. रंगाचा मुद्दा किरकोळ समजू नका. निन्टेंडोची बंदूक अमेरिकेत आधी राखाडी होती. खेळण्यातल्या बंदुका खऱ्या वाटू नयेत असे नियम तिथे १९८०च्या दशकाच्या शेवटी आल्यावर ती नारिंगी झाली. आपणही खरी वाटेल अशी काळी बंदूक बनवू नये, आणि कसलीही बनवली तरी ती घराबाहेर मिरवू नये. कॅमेरा नळीच्या टोकाशी, नळीला समांतर आणि घट्ट बसवा. तो थोडा वर-खाली असला तर नेम जुळवताना प्रोग्राम फरक भरून काढतो. पण तो हलत असेल तर कुठलीही जुळवणी टिकत नाही. केबल मुठीतून बाहेर येते तिथे आतून गाठ मारा, म्हणजे ओढ सोल्डरवर न येता गाठीवर येते.

धक्का देणारी बंदूक हवी असेल तर आत सॉलेनॉइड, म्हणजे वीज दिली की दांडा झटक्याने हलवणारं वेटोळं, बसवतात. तो १२ किंवा २४ व्होल्टवर चालतो आणि बोर्डाच्या पिनेला थेट कधीही जोडायचा नाही. मध्ये स्विचचं काम करणारा मॉसफेट, सॉलेनॉइडच्या दोन टोकांवर उलटा डायोड आणि वेगळा वीजपुरवठा हवाच. डायोड विसरला तर सॉलेनॉइड बंद होताना उठणारा उलटा व्होल्टेज मॉसफेट जाळतो. पहिल्या बंदुकीत हा भाग घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

खेळ निवडताना एक फरक ओळखावा. ‘व्हर्चुआ कॉप’ किंवा ‘द हाउस ऑफ द डेड’सारख्या खेळांत वाट खेळ ठरवतो आणि आपण फक्त नेम धरतो, या दोन्ही खेळांच्या पीसी आवृत्त्या नव्वदच्या दशकातच निघाल्या होत्या. अशा खेळांत ही बंदूक चपखल बसते. ज्या खेळांत माउस सरकवून मान फिरवायची असते तिथे ती निरुपयोगी आहे, कारण त्या खेळांना सरकण्याचं माप हवं असतं आणि बंदूक जागा सांगते. जुने आर्केड खेळ चालवणारा मेम हा १९९७ पासूनचा प्रोग्राम मोफत आहे आणि त्यात बंदुकीची सोय आहे. पण खेळांच्या मूळ फाइल्स कंपन्यांच्या मालकीच्या असतात, त्या रीतसरच घ्याव्यात. दोघांना एकदम खेळायचं असेल तर विंडोज एरवी सगळ्या माउसना मिळून एकच बाण देते हे आड येतं. दोन बंदुका वेगळ्या ओळखणारा खेळ किंवा प्रोग्रामच तिथे लागतो.

हे सामान पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर शोधता येतं. कॅमेरा मात्र बहुधा ऑनलाइन मागवावा लागेल. सुरुवात पिचकारी कापून करू नका. आधी कॅमेरा आणि बोर्ड ब्रेडबोर्डवर जोडा, चार दिवे पडद्याच्या कडांना चिकटपट्टीने लावा आणि चारही ठिपक्यांचे आकडे कॉम्प्युटरवर उमटतायत का ते पाहा. खोलीत डावी-उजवीकडे फिरून ते आकडे कसे बदलतात हे घरातल्या शाळकरी मुलांना सोबत घेऊन कागदावर उतरवा. आकडे स्थिर आले की मगच सोल्डरिंग गनला हात घाला.